घरचा गेम सर्व्हर सारखा पडतो: विंडोजवरच ठेवू की लिनक्सवर जाऊ?

कृष्णाकाठचा ठोकळा

नमस्कार मंडळी. घरात पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर (आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १० होम) भाचरांसाठी माइनक्राफ्ट या खेळाच्या 'जावा' आवृत्तीचा सर्व्हर लावलाय. मशीन सांगलीत, खेळणारी पोरं पुण्यात, बेळगावात आणि दोघं कॅनडात. त्यामुळे चोवीस तासांत कधीही कुणीतरी जागं असतंच, आणि सर्व्हर बंद दिसला की व्हॉट्सॲपवर "मामा सर्व्हर" एवढे दोन शब्द येऊन पडतात.

अडचणी अशा आहेत. कधीकधी मशीन चालू असतं, पण सर्व्हरची काळी खिडकीच गायब. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) एरर नाही, 'सर्व्हर थांबवतोय' अशी ओळही नाही, मध्येच तुटल्यासारखा लॉग संपतो. कधी खिडकी जागेवर असते, पण सगळे खेळाडू गोठतात आणि थोड्या वेळाने बाहेर फेकले जातात. मी जाऊन एंटर दाबला की बऱ्याचदा पुन्हा चालू होतो! हे काय गौडबंगाल आहे? आणि तिसरं म्हणजे लाइट गेली की मशीन यूपीएसवर व्यवस्थित चालू राहतं, सर्व्हर मात्र तेवढ्यात बंद पडलेला असतो. यूपीएस नवा आहे, यूएसबीची वायरही मशीनला जोडली आहे.

ऑफिसातला मित्र म्हणतो, विंडोज काढ, लिनक्स टाक, परत बघायला लागणार नाही. लिनक्सची आणि माझी ओळख नावापुरती. दोन्हीकडे असले हौशी सर्व्हर चालवलेल्यांनी जरा सांगा.

टक्सभक्त

यात चर्चा करण्यासारखं काय आहे? विंडोज होम ही काय सर्व्हरची जागा आहे का? रात्री तीनला अपडेट येणार, मशीन आपोआप रीस्टार्ट होणार आणि सकाळी भाचरं रडणार. डेबियन लिनक्स टाका आणि झोपा. मित्राचं ऐका.

खिडकीवाले काका

आला धागा की आले टक्सभक्त! अहो, त्यांच्या तिन्ही अडचणींत रीस्टार्टचा उल्लेख तरी आहे का? मशीन चालूच आहे म्हणताहेत ते.

मी विंडोजवर सर्व्हर चालवत आलोय ते काउंटर स्ट्राइक १.६ या खेळाच्या काळापासून. तेव्हाची एक गंमत सांगतो. विंडोजचा टाइमर ढोबळ, साधारण १५.६ मिलिसेकंदांनी टिक करणारा. त्यामुळे गेम सर्व्हर सेकंदाला साठ-पासष्ट फ्रेमच्या वर जायचा नाही. मग आम्ही काय करायचो, तर सर्व्हरच्या मशीनवर विंडोज मीडिया प्लेयर उघडून ठेवायचो! गाणं नाही, काही नाही, नुसता उघडा. तो प्लेयर विंडोजकडे एक मिलिसेकंदाचा टाइमर मागायचा आणि तो टाइमर तेव्हा सगळ्या सिस्टिमला मिळून एकच असायचा. त्यामुळे शेजारी चालणाऱ्या गेम सर्व्हरच्या फ्रेम फुकटात कित्येक पटींनी वाढायच्या. नवीन पोरगा आला की "हा प्लेयर कशाला उघडाय?" म्हणून बंद करायचा आणि पाच मिनिटांत सगळं सायबर कॅफे बोंबलायचं.

२०२० मध्ये विंडोज १० च्या '२००४' क्रमांकाच्या आवृत्तीत ही सोय गेली, आता ज्याने टाइमर मागितला त्यालाच मिळतो. पण मुद्दा हा की लिनक्सचं तेव्हा फार बरं होतं असं नाही. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलच्या २.४ आवृत्तीची घंटा सेकंदाला शंभरदाच वाजायची, म्हणजे दहा मिलिसेकंद. २.६ मध्ये ती हजार केली, मग २.६.१३ पासून मूळ सेटिंग अडीचशेवर आणलं. लिनक्सवाले तेव्हा कर्नल स्वतः कंपाइल करत बसायचे आणि आम्ही मीडिया प्लेयर उघडायचो. कोण शहाणं ते तुम्हीच ठरवा.

मीनल_ड्युटीवर

काका, मीडिया प्लेयरचा किस्सा भारी! पण धागाकर्त्यांच्या प्रश्नावर येऊ.

ठोकळादादा, 'सर्व्हर पडतो' या दोन शब्दांत तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. पहिल्यात प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मेली आहे, दुसऱ्यात ती जिवंत आहे पण अडकली आहे, आणि तिसऱ्यात वीज गेल्यावर कुणीतरी तिला मारतंय. या तिन्हींचं कारण एकच असेल असं धरून ओएस (विंडोज, लिनक्स वगैरे) बदलू नका. (मी दिवसा पगारासाठी हेच काम करते, त्यामुळे खोड आहे.)

दोन गोष्टी सांगा. सर्व्हर सुरू कसा करता, डबल क्लिक करून की आणखी कशाने? आणि पहिल्या प्रकारात तो नेमका किती वाजता मेला ते लॉगच्या शेवटच्या ओळीवरून काढा. त्याआधी सुरू कधी झाला होता तेही त्याच फाइलच्या पहिल्या ओळीत मिळेल. शेवटच्या चार-पाच वेळांचं इथे लिहा.

सोलापुरी टिक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. टक्सभक्त विरुद्ध काका, सामना रंगणार.

कृष्णाकाठचा ठोकळा

मीनलताई, सुरू करायला टास्क शेड्युलर वापरतो. मशीन चालू होऊन लॉगिन झालं की सर्व्हर सुरू करणारी बॅच फाइल आपोआप चालते. यूट्यूबवर एका व्हिडिओत बघून केलं होतं.

लॉग काढले. शुक्रवारी रात्री ९:१० ला सुरू, सोमवारी रात्री ९:०९ ला शेवटची ओळ. मंगळवारी सकाळी ७:४० ला सुरू, शुक्रवारी सकाळी ७:३८. बाकीच्या वेळी मध्ये लाइट गेलेली, त्यामुळे त्यांचं काही जुळत नाही. पण हे दोन बघून माझ्याच अंगावर काटा आला.

मीनल_ड्युटीवर

सापडला. विंडोजवर नवीन टास्क बनवला की सेटिंग्जच्या टॅबमध्ये 'तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर टास्क थांबवा' ही खूण आधीच केलेली असते. टास्क म्हणजे पाच मिनिटांत होणारं काम, बॅकअप वगैरे, असं ते गृहीत आहे. तुमचा सर्व्हर ७२ तास झाले की विंडोजला 'अडकलेलं काम' वाटतो आणि ते त्याला मारून टाकतं. निरोप न देता मारतं, म्हणून लॉगमध्ये ओळ नाही. टास्क शेड्युलरचा स्वतःचा इतिहासही मुळात बंद असतो, त्यामुळे तिथेही पुरावा नाही.

तिसऱ्या तक्रारीचं उत्तर शेजारच्याच टॅबमध्ये आहे. कंडिशन्समध्ये 'मशीन बॅटरीवर गेलं तर थांबवा' हीसुद्धा खूण आधीपासून असते. डेस्कटॉपला कुठली बॅटरी, असं तुम्ही म्हणाल. पण यूपीएस यूएसबीने जोडला की विंडोजला तो बॅटरीच दिसतो. लाइट गेली, यूपीएसने भार उचलला, विंडोज म्हणालं, 'बॅटरीवर आलो, आता टास्क बंद.' म्हणजे नुसता यूपीएस असता तर सर्व्हर चालू राहिला असता, पण वायर जोडली म्हणून तो बंद पडतोय.

दोन्ही खुणा काढा.

आणि ते एंटरचं गौडबंगाल: काळ्या खिडकीत माउसने नुसतं क्लिक झालं तरी विंडोजला वाटतं की तुम्ही मजकूर निवडताय. खिडकीच्या नावाआधी 'सिलेक्ट' असं येतं. तेवढा वेळ प्रोग्रॅमला खिडकीत काही लिहिता येत नाही. सर्व्हर पुढची लॉगची ओळ लिहायला जातो आणि तिथेच तिष्ठत बसतो. एंटर किंवा एस्केप दाबला की सुटतो. याला क्विक एडिट म्हणतात. खिडकीच्या पट्टीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ती खूण काढा.

भेळभत्ता

_/\_ साष्टांग. आमच्या घरी मांजर माउसवर झोपतं आणि सर्व्हर गोठतो. दोष मी मांजराच्या पायगुणाला देत होतो, तो निघाला क्विक एडिटचा.

टक्सभक्त

म्हणजे शेवटी दोष विंडोजचाच ना? तीनपैकी तिन्ही! मी काय वेगळं बोलत होतो?

रूटमास्तर

टक्सभक्त, बाजू तुमचीच घेतोय, पण अर्धीच.

लिनक्सवर नवखा माणूस सर्व्हर कसा लावतो? एसएसएचने दुरून, लॅपटॉपवरून आत शिरतो, कमांड मारतो, खेळ चालू होतो, खूश होऊन लॅपटॉप मिटतो, आणि सर्व्हर मरतो. टर्मिनल (कमांडची खिडकी) गेलं की त्यातून सुरू केलेली प्रोसेस जाते. मग कुणीतरी 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' (टर्मिनल मिटलं तरी आतलं चालू ठेवणारे प्रोग्रॅम) वापरायला सांगतं. ते जमलं की एक दिवस मशीन रीस्टार्ट होतं आणि स्क्रीनमधला सर्व्हर कुणी पुन्हा सुरू करत नाही. मग सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्रॅम) सुरू-बंद करणारा कारभारी. त्यात स्वतःच्या युजरची सर्व्हिस केली तर लॉगआउट झाल्यावर तीही बंद पडते. 'लिंगर' नावाची सोय चालू करावी लागते हे कोणत्या व्हिडिओत सांगतात? एवढं सगळं केल्यावर, सर्व्हिस सुरू होताना, खेळ ज्यावर चालतो ते जावाच सापडलं नाही, तर सिस्टिमडी दहा सेकंदांत पाचदा प्रयत्न करून हात वर करतं. म्हणजे मूळ सेटिंगचे सापळे इकडेही आहेत, फक्त त्यांची जागा वेगळी.

आता बाजू घेतो. अपडेटनंतर विंडोजला रीस्टार्ट का लागतो आणि लिनक्सला सहसा का लागत नाही, हे कळलं की निम्मा वाद मिटतो. विंडोजवर वापरात असलेली फाइल कुलूपबंद असते. ती बदलायची तर 'पुढच्या बूटला बदलू' अशी चिठ्ठी लावून ठेवावी लागते. लिनक्सवर वापरातली फाइल खुशाल काढून तिच्या जागी नवी ठेवता येते. चालू प्रोसेस जुनी प्रत धरून बसते, पुढच्या वेळी सुरू होताना नवी उचलते. त्यामुळे बहुतेक अपडेटांना ती ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की पुरतं, मशीन रीस्टार्ट करायचं ते कर्नलपुरतं. आणि डेबियनवर आपोआप अपडेट चालू केले तरी मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. ते तुम्ही सांगितलं तरच.

या सोयीची उलटी बाजूही आहे. चालू सर्व्हरच्या जार फाइलवरच (जावा प्रोग्रॅम जिच्यात असतो ती) नवी जार कॉपी केलीत तर विंडोज सरळ नकार देतं. लिनक्स हूं की चूं करत नाही, आणि मग जावाला मध्येच कुठलातरी क्लास (प्रोग्रॅमचा तुकडा) सापडेनासा होऊन सर्व्हर चित्रविचित्र मरतो. आधी थांबवा, मग बदला.

खिडकीवाले काका

रूटमास्तरांशी सहमत. आणि अपडेटचं म्हणाल तर विंडोजला 'ॲक्टिव्ह अवर्स' (या वेळात रीस्टार्ट नको) सांगता येतात, जास्तीत जास्त १८ तासांचे. उरलेल्या सहा तासांत ते काय करायचं ते करतं. होममध्येही ३५ दिवसांपर्यंत अपडेट थोपवता येतात.

मीनल_ड्युटीवर

काका, खरंय. पण कॅनडातल्या भाचरांना ते सहा तास म्हणजे ऐन संध्याकाळ असेल. :) आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेटांची योजना आहे, पण तीही कायमची नाही. त्यामुळे या मशीनचा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. माझा मुद्दा एवढाच की तो आज, चुकीच्या कारणाने सोडवू नका.

अंगणात सर्व्हर

माझ्या लिनक्स बॉक्सचा अपटाइम वर्षाच्या वर गेलाय. एकदाही रीस्टार्ट नाही. विंडोजवाल्यांनी दाखवावा.

रूटमास्तर

अंगणातसाहेब, अभिनंदन नाही करणार. वर्षभर रीस्टार्ट नाही म्हणजे वर्षभरात कर्नलमध्ये सापडलेलं एकही भोक तुम्ही बुजवलेलं नाही. लाइव्ह पॅचिंग (रीस्टार्टशिवाय कर्नल दुरुस्त करणं) लावलं असेल तर शब्द मागे घेतो.

डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत भोक सापडलं आणि त्याचा पहिला मोठा बोभाटा माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवरच झाला. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाकली, सर्व्हरने ती लॉगमध्ये लिहिली, आणि मशीन परक्याच्या ताब्यात! ओएस कुठलीही असो, जावा तेच. माइनक्राफ्टच्या १.१८.१ आवृत्तीत ते भोक बुजवलं. त्या आठवड्यात ज्यांनी अपटाइम जपला त्यांनी भोकही जपलं.

शिवाय मोठा अपटाइम ही सगळ्यात कमी तपासलेली अवस्था. विंडोज ९५ आणि ९८ बरोबर ४९.७ दिवसांनी गोठायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काटा तेवढ्या दिवसांत भरून पुन्हा शून्यावर यायचा. हा दोष १९९९ मध्ये उघडकीला आला. तोवर फारसा कुणाला दिसला नव्हता, कारण तेवढे दिवस ते मशीन चालायचंच नाही! विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ मध्ये ४९७ दिवसांनी टीसीपीची (नेटवर्कच्या जोडण्यांची) जुनी कनेक्शनं मिटणं बंद व्हायचं आणि पोर्ट (जोडण्यांचे क्रमांक) संपायचे. टक्सभक्त हसण्याआधी सांगतो, लिनक्सच्याही काही जुन्या कर्नलांना २०८ दिवसांच्या आसपास असाच झटका बसायचा. काटा भरतो तो सगळ्यांचाच.

टक्सभक्त

मान्य, मान्य. पण २०८ दिवस म्हणजे विंडोजवाल्यांचे चार अवतार झाले.

खिडकीवाले काका

१ जुलै २०१२ ची पहाट आठवते का टक्सभक्त? लीप सेकंद! जगाच्या घड्याळात एक सेकंद घातला, आपल्याकडे साडेपाच वाजले होते, आणि लिनक्सवरचे जावा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस शंभर टक्के सीपीयू खात बसले. मोठमोठ्या साइट आडव्या झाल्या. उपाय काय, तर तारीख पुन्हा एकदा सेट करायची. झालं, बरं. माझा विंडोजवरचा गेम सर्व्हर तेव्हा मजेत चालला होता, मीडिया प्लेयरसकट.

हडसनपलीकडचा

न्यू जर्सीहून. तुमची भांडणं वाचून करमणूक झाली. तिसरा पर्याय कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो: फ्रीबीएसडी, ही लिनक्सच्या जवळची पण वेगळी ओएस.

मी गेली बरीच वर्षं मित्रांचे गेम सर्व्हर आणि घरचं फोटोंचं भांडार त्यावर चालवतोय. कारण एकच, झेडएफएस ही त्यातली फाइली साठवायची पद्धत. डिस्कवरच्या प्रत्येक ब्लॉकला चेकसम (पडताळणीचा आकडा), त्यामुळे डिस्क गुपचूप कुजत असेल तर ती सांगते. आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी स्थिती. मॉड (खेळात घातलेली भर) अपडेट करायच्या आधी एक स्नॅपशॉट घ्यायचा, सेकंदही लागत नाही. पोरांनी भलता मॉड टाकून खेळातल्या जगाचा चुथडा केला की परत मागे. प्रत्येक सर्व्हर वेगळ्या 'जेल'मध्ये, म्हणजे इतरांपासून तोडलेल्या कोठडीत. ही सोय फ्रीबीएसडीत २००० सालापासून आहे, तसंच काम करणाऱ्या डॉकरच्या कितीतरी आधी.

टिकाऊपणाचं म्हणाल तर व्हॉट्सॲपने २०१२ च्या सुरुवातीला एका फ्रीबीएसडी मशीनवर वीस लाख कनेक्शनं धरल्याचं जाहीर केलं होतं. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हरही त्यावरच.

आता खरं सांगतो: ठोकळारावांनी याच्या वाटेला जाऊ नये. अडलात तर सांगलीत सोडा, अख्ख्या एडिसनमध्ये विचारायला कुणी सापडत नाही. गेमच्या लोकांच्या सूचना विंडोज आणि लिनक्सच्या असतात. झेडएफएस हवंच असेल तर ते लिनक्सवरही मिळतं.

रत्नांग्रीचो पाय

कुणीतरी रास्पबेरी पाय हा पिटुकला संगणक सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा लपंडाव. पाय लिनक्सच चालवतो, पण एसडी कार्डावर. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड जातं, आणि लॉग तर सतत लिहीतच असतात. तेव्हा ओएस सोन्याची असून उपयोग काय? यूएसबीच्या एसएसडीवरून बूट केलं की हा त्रास बराच मिटतो. अडॅप्टर मोबाइलचा नको, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लागतो. कमी पडला तर पाय काही न बोलता स्वतःचा वेग उतरवतो आणि लोक म्हणतात जावाच जड आहे.

आणखी एक. पाय ४ पर्यंत घड्याळाला बॅटरीच नाही. लाइट येते, पाय राउटरच्या आधी उठतो, नेट नाही म्हणून वेळ जुनीच, आणि मग सुरक्षित जोडणीची सर्टिफिकेटं 'अजून वैध नाहीत' म्हणून जोडणी नाकारतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला, तेव्हापासून सुखात.

मॅकमिनीची सून

मॅक मिनीचंही सांगते, थोडक्यात. चालतो सुरेख, वीज खातो नगण्य. पण फाइलव्हॉल्ट (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू ठेवून वीज गेली की परत आल्यावर तो पासवर्ड मागत बसून राहतो. गावाला गेलेलो असलो तर सर्व्हरचं नाव विसरायचं. फाइलव्हॉल्ट बंद करायचा की नाही हा घरोघरचा प्रश्न. आमच्या सासूबाईंच्या भाषेत, चोराची भीती जास्त की अंधाराची?

कृष्णाकाठचा ठोकळा

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही खुणा काढल्या. तीन दिवसांचा उंबरठा ओलांडून सर्व्हर चालू आहे, काल लाइट गेली तेव्हाही टिकला. भाचरांनी जगात माझा पुतळा उभा केलाय.

पण आता खाज सुटली आहे. :) घरात एक जुना लॅपटॉप आहे, स्क्रीन फुटलेली, बाकी धडधाकट, ८ जीबी रॅम. त्यावर डेबियन टाकून सर्व्हर हलवावा का? विजेचाही विचार आहे. डेस्कटॉप साधारण ५० वॉट खातो म्हटलं तर महिन्याला ३६ युनिट नुसते त्याचेच.

आणखी एक शंका: ८ जीबीपैकी सर्व्हरला ६ देऊ का?

रूटमास्तर

लॅपटॉप घ्याच. त्याची बॅटरी हाच यूपीएस, आणि सगळं मिळून १०-१५ वॉटच्या पुढे क्वचित जाईल. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगइनडी या सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये झाकणाकडे दुर्लक्ष करायला सांगा. बॅटरी जुनी असेल तर आधी हात फिरवून बघा. फुगलेली वाटली तर काढून टाका, तशी मुळीच वापरू नका. चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय त्या मॉडेलमध्ये असेल तर लावा.

डेबियन १३ ची स्थिर आवृत्तीच घ्या. 'नवीनतम' हवं म्हणून टेस्टिंग (चाचणीची आवृत्ती) घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता, तो टेस्टिंगपर्यंत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता. तो सापडला कसा, तर एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एका माणसाला खटकलं!

आणि ६ जीबी देऊ नका. हे महत्त्वाचं आहे, कारण इथे विंडोज आणि लिनक्स अगदी वेगळे वागतात. जावाला ६ जीबी हीप (खेळाच्या माहितीसाठी ठरवून दिलेली मेमरी) दिली म्हणजे जावा ६ वर थांबतो असं नाही. हीपच्या बाहेरही तो बरंच खातो. विंडोजवर मेमरी कमी पडली की पेजिंग (मेमरीऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतं, सगळं रांगायला लागतं, आणि लॉगमध्ये 'कीप अप करता येत नाही' अशा ओळींचा पाऊस पडतो. लिनक्स मात्र मेमरी उदारपणे वाटत सुटतं, आणि खरंच संपली की ओओएम किलर नावाचा जल्लाद सोडतं. तो बहुधा सगळ्यात जाड प्रोसेस उचलतो. तुमच्या मशीनवर सगळ्यात जाड कोण? जावाच. स्क्रीनवर 'किल्ड' एवढा एक शब्द उरतो. ८ जीबीवर ४ द्या, फार तर साडेचार.

मीनल_ड्युटीवर

रूटमास्तरांना जोड. सिस्टिमडीत सर्व्हिस करताना 'काहीही झालं तरी पुन्हा सुरू कर' हे सेटिंग ठेवा. थांबवताना सिस्टिमडी आधी सभ्यपणे सांगतं आणि ९० सेकंद थांबतं, तेवढ्यात सर्व्हर जग सेव्ह करतो. विंडोजवर खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं तर पाचेक सेकंदच मिळतात, म्हणून तिथे नेहमी 'स्टॉप' टाइप करूनच बंद करायचं.

आणि बॅकअप. चालू जगाची फोल्डर तशीच कॉपी करू नका, अर्धी जुनी अर्धी नवी प्रत मिळते. आधी सेव्ह थांबवा, सगळं डिस्कवर लिहून घ्या, कॉपी करा, मग सेव्ह पुन्हा चालू. शेवटची पायरी विसरलात तर सर्व्हर चालू राहील आणि काहीच साठवणार नाही, त्यामुळे हे स्क्रिप्टमध्येच टाका. प्रत त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

टक्सभक्त

बघा, आले शेवटी डेबियनवरच. पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

खिडकीवाले काका

हो, पण तुम्ही सांगितलंत त्या दिवशी गेले असते, तर टास्क शेड्युलरच्या जागी टर्मिनल बंद करून मारत बसले असते. आता निदान काय शोधायचं ते कळलंय.

कृष्णाकाठचा ठोकळा

डेबियन लागलं. जावा २१ टाकलं, जग हलवलं, सर्व्हिस केली, मुद्दाम प्रोसेस मारून बघितली, उठली. वायर काढून बघितली, बॅटरीवर चालला. माइनक्राफ्टचा 'पेपर' नावाचा सर्व्हर प्रोग्रॅम वापरलाय. केबलवाल्याकडून जादा पैसे देऊन पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) अगदी सुरुवातीलाच घेतला होता, कारण त्याच्याशिवाय बाहेरून कुणी पोचतच नव्हतं. अख्ख्या गल्लीला मिळून एकच आयपी होता.

विंडोजचा डेस्कटॉप अजून तसाच आहे, जुन्या जगासकट. काढायला धीर होत नाही.

आता शेवटचा प्रश्न. पुण्याची धाकटी भाची मोबाइलवर खेळते, बेडरॉक आवृत्ती. तिला याच सर्व्हरवर आणता येईल का? गायझर प्लगइन (बेडरॉकवाल्यांना जावा सर्व्हरवर आणणारं) टाकलं, लॉगमध्ये सुरू झालं म्हणतो, पण तिला सर्व्हर दिसत नाही. मोठ्यांचं व्यवस्थित चालू आहे.

मीनल_ड्युटीवर

राउटरवर १९१३२ पोर्ट उघडलाय का? आणि उघडला असेल तर यूडीपी निवडलंय का ते बघा. जावाचा २५५६५ टीसीपीवर चालतो, बेडरॉक यूडीपीवर. लॅपटॉपवर फायरवॉल लावली असेल तर तिथेही तेच.

कृष्णाकाठचा ठोकळा

टीसीपी होतं. बदललं. आली आत, आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्या पुतळ्याला लाव्हा ओतला.